'संकल्पना-साचा' की 'संकल्पना-नमुना'? (बोलणाऱ्यांची नावं गावांवरून)

फोंडा : ज्ञाननिरूपणाची, म्हणजे संगणकाला ज्ञान कसं लिहून द्यायचं याची, टिपणे मराठीत काढतोय. वर्णनतर्कातल्या (संकल्पनांची वर्णनं नेमकी मांडणाऱ्या तर्कशास्त्रातल्या) 'कॉन्सेप्ट पॅटर्न'ला 'साचा' लिहिलंय आणि 'मॅचिंग'ला 'जुळणी'. चालेल?

म्हापसा : सर, 'साचा' नको. साच्यातून दरवेळी तीच वस्तू निघते. इथे वर्णनात चल असतात, म्हणजे मोकळ्या जागा. एक-चौदाच्या उताऱ्याचा, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीचा, छापील नमुना आठवा, रकाने ठरलेले, मजकूर भरायचा. म्हणून 'नमुना'.

'जुळणी' ठेवा, म्हणजे मोकळ्या जागा भरून नमुना वर्णनाशी जुळवणं, पण ती अक्षरांची नव्हे, अर्थाची, हे पहिल्याच ओळीत लिहा. समजा वर्णन आहे, 'देऊळ, ज्याच्या आवारात तळी आहे आणि ज्याच्या आवारात दीपस्तंभ आहे'. नमुना, 'देऊळ, ज्याच्या आवारात क्ष आहे'. क्ष म्हणजे तळी धरा नाही तर दीपस्तंभ, मूळ वर्णन भरलेल्या नमुन्यात बसतं. पण क्ष म्हणजे 'तळीही आणि दीपस्तंभही' असं धरलंत की फसलात. तशी एकच वस्तू मंगेशीलासुद्धा नाही!

फोंडा : मग 'दोन्ही' कधीच भरता येत नाही?

म्हापसा : येतं की, 'आहे'च्या जागी 'सगळे' असेल तर. 'सगळा माल गोव्यातला' आणि 'सगळा माल हातचा' यांचा अर्थ 'सगळा माल गोव्यातला नि हातचा' असाच होतो. ही विधानं एकमेकांत मिसळतात, 'आहे'वाली मिसळत नाहीत. खरी गोम इथेच आहे. नुसतं 'सगळे' आणि 'आणि' असलेली वर्णनतर्काची एक छोटी भाषा आहे, एफएल-शून्य. तिच्यात समतुल्य जुळणी, म्हणजे भरलेल्या नमुन्याचा अर्थ वर्णनाइतकाच नेमका यावा अशी जुळणी, बहुपदी वेळात होते, म्हणजे वर्णन लांबलं तरी वेळ आटोक्यात राहतो. 'आहे' आणि 'आणि' असलेल्या ईएल या दुसऱ्या छोट्या भाषेत कुठला तुकडा कुठे बसवायचा याचे पर्याय वाढत जातात आणि प्रश्न एनपी-पूर्ण ठरतो, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नाही.

डिचोली : हा खटाटोप मुळात कशासाठी?

म्हापसा : क्लासिक या वर्णनतर्कावर चालणाऱ्या संगणक प्रणालीतली वर्णनं लांबलचक असायची. त्यातला हवा तेवढाच भाग दाखवावा, म्हणून बोर्गिडा आणि मॅकगिनेस या संशोधकांनी १९९६ साली हे मांडलं.

डिचोली : दोन्ही बाजूंना चल असले तर? त्या 'युनिफिकेशन'ला 'विलीनीकरण' म्हणू?

म्हापसा : गोव्यात बसून? महाराष्ट्रातलं विलीनीकरण नाकारणारा १९६७ चा जनमत कौल विसरलात वाटतं! 'एकीकरण' म्हणा. दोघांनी एकच संकल्पना वेगवेगळ्या शब्दांत लिहून ठेवली असेल, तर ती पुनरुक्ती पकडायला ते कामी येतं. एफएल-शून्यमध्ये मात्र जुळणीपेक्षा ते कितीतरी अवघड, घातांकी वेळ खाणारं, म्हणजे वर्णन थोडं लांबलं की वेळ पटीपटीने वाढतो. म्हणून दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

फोंडा : 'नमुना' पक्का. 'सब्सम्प्शन'ला, म्हणजे एक संकल्पना दुसरीत पूर्ण बसते त्याला, 'समावेश' लिहिलंय.

म्हापसा : 'अंतर्भाव' बरा. 'समावेश' यादीतही होतो. इथे दीपस्तंभ असलेलं प्रत्येक देऊळ हे देऊळच असतं, एवढंच म्हणायचंय.