पाषाणच्या घरात बुखारी बसवावी का?

पाषाणचा_पाहुणा
आमचं जुनं बैठं घर आहे पुण्यात, पाषाणला. दगडी भिंती, ११ फुटांवर छत, खाली शहाबादी. वडील ८१ वर्षांचे. परवा पहाटे हॉलमधल्या तापमापकावर १६ होते आणि वडील दोन स्वेटर, कानटोपी, वर रजई अशा थाटात खुर्चीत बसलेले. मी नोकरीपायी दोन हिवाळे मनालीला काढले आहेत. तिकडे घरात लोखंडी तंदूर असतो, काश्मीरकडे त्यालाच बुखारी म्हणतात. पत्र्याचं पिंप, आत लाकूड, वरून पाइप छपराबाहेर. धूर खोलीत येत नाही. मागच्या अंगणात छाटलेल्या बाभूळ-सुबाभळीचा ढीग पडलाय, तो उचलायचेही माणूस पैसे मागतो. हॉलमध्ये एक बुखारी बसवली तर डिसेंबर-जानेवारी निभावेल असं माझं मत. बायको म्हणते, तुम्हाला मनाली चढली आहे. निवाडा करा.

सदाशिव_३०
वहिनींचं बरोबर आहे. जानेवारीत पहाटे १०-११ आणि दुपारी २९-३०, याला थंडी म्हणायचं? तुम्ही सहाला पेटवणार, दगड तापेपर्यंत नऊ वाजणार, आणि बुखारी रंगात येईल तेव्हा शेजारी पंखा लावून बसलेले असतील. मफलर घ्या. तुळशीबागेत मिळतो.

वेधशाळा_वेडा
सदाशिव, पेठेत चारी बाजूंनी घरं, मध्ये बोळ, तुम्हाला थंडी कळणार कशी? पाषाण, खडकवासल्याची एनडीए, हवेली इकडचा पारा शिवाजीनगरच्या वेधशाळेपेक्षाही खाली असतो, रोजच्या नोंदी बघा. आणि शिवाजीनगरलाही १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद आहे. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे हललं, म्हणून तिथल्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. सिमला पुण्यात आलंच आहे, तर मनालीने काय घोडं मारलंय?)

सदाशिव_३०
१९३५ च्या थंडीसाठी २०२० च्या दशकात पाइप बसवायचा. वा.

निखारा
मी भोरकडे शेतघरात चार वर्षं अशी भट्टी वापरतोय. माझं मत: बसवा, पण ढीग दिसला की आनंदून जाऊ नका. ओलं लाकूड म्हणजे पाणी उकळायला घातलेली उष्णता. त्याची काजळी पाइपात डांबरासारखी चिकटते आणि एक दिवस पाइपच पेट घेतो. फांद्या फोडून, जमिनीपासून वीतभर उंच रचून, वरून झाकून आणि बाजू मोकळ्या ठेवून निदान एक आख्खा उन्हाळा वाळल्या पाहिजेत. यंदाचा ढीग पुढच्या वर्षी कामाचा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा, टणटण वाजल्या तर वाळल्या, थप आवाज आला तर अजून ओल आहे. बाभूळ उत्तम, निखारा टिकतो. गुलमोहर कागदासारखा उडतो. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूड चुकूनही नको, त्यातला डिंक जळाला की डोळे झोंबतात आणि श्वासातून विष जातं ते वेगळंच.

कोथरूडची_डॉक्टरीण
मला थेट विरोध नोंदवायचा आहे. "धूर खोलीत येत नाही" हे वाक्य वाचून थांबले. येत नाही, मग जातो कुठे? हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा बसलेली असते, वर तिच्याहून उबदार थराचं झाकण. धूर वर जाऊच शकत नाही. पर्वतीवरून सकाळी सात वाजता बघा, शहरावर करड्या रंगाची पट्टी दिसते. आणि तुमची पेटवायची वेळ नेमकी तीच. लाकडाच्या धुरातले कण अडीच मायक्रॉनहून बारीक असतात, नाकातल्या केसांना ते जुमानत नाहीत. माझ्याकडे डिसेंबरात दम्याची रांग लागते. तुमच्या वडिलांना ऊब, शेजारच्या नातवाला पंप, हा हिशोब मला पटत नाही.

निखारा
ताई, वाळलेलं लाकूड आणि भरपूर हवा असली तर पाइपातून धूर जवळपास दिसतही नाही. तुमच्या पट्टीत वाहनं, बांधकामाची धूळ आणि वॉचमन लोक टायर जाळतात त्याचा वाटा किती? सगळं खापर एका बुखारीवर?

कोथरूडची_डॉक्टरीण
वॉचमनला स्वेटर आणि हीटर द्यायची जबाबदारी सोसायटीची आहे, ते दुसऱ्या धाग्यावर भांडू. आणि "दिसत नाही" म्हणजे "नाही" नव्हे. शिवाय भट्टी पेटताना आणि विझताना धूर होतोच. रोज पेटवणार म्हणजे रोज दोनदा.

कायदेपंडित_नव्हे
राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जाळण्यावर बंदी घातली आहे ना? पाच हजार दंड.

वेधशाळा_वेडा
ती उघड्यावर कचरा जाळण्याला. बंद भट्टीत लाकूड जाळणं त्यात बसत नाही. पण झाड छाटायचंच असेल तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे, परवानगी लागते. पाहुणे, तुमची छाटणी परवानगीने झाली असं समजून चालतो.

पाषाणचा_पाहुणा
झाली. कागद आहे.

सांगवीची_सून
एवढा काय बाऊ? माझ्या आजेसासूबाईंच्या काळी बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी असायची, वर ओवा-शेपाची धुरी. दार बंद, खिडकी बंद. सगळी मुलं धडधाकट.

कोथरूडची_डॉक्टरीण
बाई, त्या खोलीला वर कौलं होती, दाराखाली दोन बोटं फट होती. आजच्या सरकत्या काचेच्या खोलीत तीच शेगडी ठेवाल तर कार्बन मोनॉक्साइड साचेल. त्याला वास नाही, रंग नाही. झोप लागते आणि जाग येत नाही. बाकी कशावरही वाद घाला, याच्यावर नको. पाहुणे, बुखारी बसवलीत तरी बाहेरून हवा आत यायला वाट हवीच, आणि पेटती ठेवून झोपायचं नाही.

आकडेमोड
भावना बाजूला ठेवू. समजा खोलीला चार तास दोन किलोवॉट ऊब हवी, म्हणजे ८ युनिट. किलोभर वाळलेल्या लाकडात ढोबळ ४ युनिट उष्णता असते. चांगली भट्टी त्यातली ६० टक्के खोलीत सोडते असं धरू, म्हणजे २.४. रोज साडेतीन किलो लाकूड. साधा तेलाचा हीटर सरळ ८ युनिट खाईल. पण उलटा चालणारा एसी, म्हणजे जो उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम करतो, तो एका युनिटात तीन युनिटांची ऊब आत आणतो. त्याला लागतील पावणेतीन. युनिट दहा रुपये धरलं तर २७ रुपये. माझा वखारवाला ११ रुपये किलो म्हणाला, म्हणजे लाकूड ३८ रुपये. तुमचं लाकूड फुकट आहे हे खरं, पण फोडणार कोण? ८१ वर्षांचे वडील?

आणि मूळ मुद्दा राहिलाच. लाहौल-स्पितीत जाड मातीच्या भिंती, बुटकं छत, इवल्या खिडक्या, हिवाळ्यात सगळं घर एका खोलीत. तुमच्या ११ फुटांत ऊब वर जाऊन पालीला मिळेल.

सदाशिव_३०
पाल आशीर्वाद देईल.

निखारा
आकडे मान्य. पण वीज गेली की एसी गार पडतो. आणि पेटत्या लाकडाजवळ बसल्यावर अंगाला जी थेट धग लागते ती एसीच्या फुंकरीत नाही. म्हातारं माणूस हवा गरम आहे का हे बघत नाही, हात शेकायला मिळतात का ते बघतं.

कोथरूडची_डॉक्टरीण
हे मात्र खरं आहे.

पाषाणचा_पाहुणा
सगळं वाचून काल वडिलांनाच विचारलं. हे आधी करायला हवं होतं, मान्य. ते म्हणाले, "बुखारी-बिखारी नको. मला पहाटेची थंडी नाही बाधत, आंघोळीची बाधते. गीझरचं पाणी दोन बादल्यांत संपतं. तो माळ्यावरचा बंब काढ." तांब्याचा बंब आहे, मध्ये नळी, भोवती पाणी, आईच्या वेळचा. त्यांची खाट खिडकीजवळची हलवून आतल्या भिंतीला लावली आणि फरशीवर सतरंजी अंथरली. आज सकाळी कानटोपी नव्हती.

सदाशिव_३०
म्हणजे मफलरचं माझंच खरं.

कोथरूडची_डॉक्टरीण
बंबातही लाकूडच जाळणार ना?

पाषाणचा_पाहुणा
हो. अर्ध्या तासापुरतं, अंगणात, दिवस वर आल्यावर. न्हाणीघरात पेटवणार नाही, वचन.

कोथरूडची_डॉक्टरीण
आठच्या आधी नको.

पाषाणचा_पाहुणा
बरं. एक अडचण उरली. तोटी गळते. तांबट आळीत अजून कुणी बदलून देतं का?

वेधशाळा_वेडा
देतात. फक्त तोटी नेऊ नका, बंबच न्या. आटे जुळत नाहीत.