ऑटिझम असलेल्या मुलाचं कॉलेजचं पहिलं वर्ष – कुणाचा अनुभव आहे का?

साताऱ्याची_आई
नमस्कार. मुलगा बारावी सायन्स झाला, पुण्यात बीएस्सीला प्रवेश मिळालाय. ऑटिझमचं निदान लहानपणीच झालं होतं. गणितात हुशार आहे. शाळेत सगळे त्याला ओळखायचे, बाकसुद्धा ठरलेला. इथे तासातासाला वर्ग बदलणार, हॉस्टेलला राहणार आणि आम्ही साताऱ्यात. कॉलेजला सांगावं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. ह्यांचं म्हणणं, "एकदा सांगितलं की शिक्का बसतो."

केमिस्ट्रीवाला
काकू, मी ऑटिस्टिक आहे आणि पुण्यातच बीएस्सी केलंय.

मला लेक्चर्स जड गेली नाहीत, ऑफ लेक्चर जड गेलं. सर आले नाहीत की वर्गात एकदम कल्ला, सगळे कँटीनला पळणार आणि आपण कुठे जायचं ते कळत नाही. लायब्ररीच्या रीडिंग रूममधली एक जागा मी कायमची धरली, मग दिवस निभायला लागला. तुम्ही कॉलेज सुरू व्हायच्या आधीच त्याला घेऊन या. लॅब, ऑफिस, टॉयलेट, कुठला जिना कुठे निघतो, सगळं पाहू दे. नंतर गर्दीच्या वेळी पुन्हा एकदा. सुरुवातीला टाइमटेबल सारखं बदलतं आणि वर्गाच्या ग्रुपवर तो मेसेज शुभेच्छांच्या ढिगात हरवतो. आमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, मला फक्त बदललेली वेळ आणि खोली वेगळी कळवायचा.

प्रॅक्टिकलला पार्टनर वर्षभर एकच मागून घ्या. आणि व्हायवा, म्हणजे प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा! मी खाली बघून बोलतो, "या प्रयोगाबद्दल सांग" म्हटलं की अडकतो. "इंडिकेटर कुठला वापरलास?" विचारलं की लगेच सांगतो. आमच्या मॅडमनी एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मला जे येत होतं ते मला सांगता आलं. त्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

म्हणून माझं मत: सांगा, पण सगळ्या वर्गाला नको. एचओडी (विभागप्रमुख), मेंटॉर आणि लॅब पार्टनर. नुसतं "ऑटिझम आहे" एवढ्यानं कुणाला काही कळत नाही. त्याला काय लागतं ते एका पानावर लिहून द्या. कुणाला सांगायचं ते मात्र त्याला ठरवू दे.

प्राध्यापिका_कोल्हापूर
ताई, कागदपत्रांचं मी सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत ५ टक्के राखीव जागांसाठी तो पात्र असतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर आत्ताच अर्ज करा. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा अर्ज सत्र सुरू होतानाच परीक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. हॉल तिकीट आल्यावर पालक धावत येतात, तेव्हा आमच्याही हातात फार काही उरत नाही. कॉलेजमध्ये समान संधी कक्ष असेल तर तिथेही नोंद करा.

हॉस्टेल म्हणालात म्हणून एक काळजी. सीनियरनी सांगितलं म्हणजे करायचंच, असं सरळ स्वभावाच्या मुलाला वाटू शकतं. रॅगिंग म्हणजे काय, हे उदाहरणं देऊन समजवा: "गाणं म्हण", "माझी जर्नल लिही", "पैसे दे". यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

साताऱ्याची_आई
दोघांचेही मनापासून आभार. ह्यांनाही वाचायला दिलं. एचओडींना भेटायला ते स्वतः येणार म्हणालेत. मुलानं केमिस्ट्रीवाला दादाला विचारलंय: मेसमध्ये रोज वेगळी भाजी असते का? त्याला मोजक्याच चालतात.

केमिस्ट्रीवाला
हो, भाजी रोज बदलते. आमच्या मेसला वरण-भात आणि पोळी रोज असायची, मी कित्येक दिवस त्यावरच जेवलो. मेस उघडल्या उघडल्या जा, तेव्हा भांड्यांचा आवाज आणि रांग दोन्ही कमी असतात. मेसच्या काकांना एकदा सांगून ठेव, भाजी वाढणार नाहीत.