'मुलांमध्ये मिसळत नाही' हा शेरा कितपत योग्य?

पैलतीर:
साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'इतर मुलांमध्ये मिसळत नाही' असा शेरा आला, की घरातले सगळे धास्तावतात. माझ्या मते हा शेरा बहुधा अपुऱ्या निरीक्षणावर बेतलेला असतो. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठात दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा मोकळा खेळ एकेका मिनिटाच्या नोंदींतून टिपला आणि १९३२ साली त्याचे सहा प्रकार मांडले: नुसते रेंगाळणे, एकट्याने खेळणे, इतरांचा खेळ पाहत राहणे, शेजारी बसून आपापले खेळणे, मिळून-मिसळून खेळणे आणि कामे वाटून घेऊन खेळणे. वयाबरोबर सामूहिक खेळ वाढतो, हे त्यांना दिसले होतेच. पण पुढे या प्रकारांची शिडी झाली आणि एकटे खेळणारे मूल खालच्या पायरीवरचे ठरू लागले. चिंचोक्यांची नक्षी मांडण्यात रमलेली मुलगी मागे पडली आहे, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

शिशुवर्गताई:
शिडी नको, हे मान्य. परंतु 'रमू द्या' हा सल्लाही तितकाच सरसकट आहे. माझ्या वर्गात भातुकलीचा डाव मांडला, की एक मुलगी फ्रॉकचे टोक चावत कडेला उभी राहते. तिला खेळायचे असते, पण आत शिरायचे कसे, हे उमगत नाही. शेरा लिहिलाच नाही, तर ती वर्षभर तशीच उभी राहील. शिवाय पाळीची वाट पाहणे, भांडणे, रुसणे आणि पुन्हा डावात येणे या गोष्टी एकट्याने शिकता येत नाहीत.

पैलतीर:
पण ही मुलगी एकटी खेळतच नाही, ती पाहते आहे! केनेथ रुबिन यांनी १९८२ साली हाच प्रश्न घेतला होता. एकट्याने ठोकळे रचणे वेगळे आणि तीच ती हालचाल उगाच करत राहणे वेगळे, म्हणून त्यांनी त्यांची नोंदही वेगवेगळी केली. आपल्या शेऱ्यात मात्र रचणारे मूल आणि बुजलेले मूल एकाच ओळीत बसते. त्या ओळीने तुमच्या मुलीलाही काही मिळत नाही.

आडवाट:
एका खोलीत तीस मुले आणि ठोकळ्यांचा एकच डबा असेल, तर कोपरा धरणाऱ्या मुलाला मी शहाणाच म्हणेन. हेच मूल संध्याकाळी सोसायटीच्या आवारात साऱ्यांना पळवत असते, हे वर्गात दिसणार कसे? निदान पालकांना विचारून मग लिहावे.

शिशुवर्गताई:
पालकांना विचारावे, हे योग्यच आहे; पण आवारात सोबत असलेल्या ओळखीच्या भावंडांमुळे वर्गातली अडचण नाहीशी होत नाही. अशा मुलीला मी डावात ढकलत नाही. दुसऱ्या मुलीशेजारी बसवून दोघींना सारखीच माती देते. बेकमन आणि ब्राउनली यांच्या १९८० मधील निरीक्षणातही असे शेजारी खेळणे पुष्कळदा सामूहिक खेळात शिरण्याची वाट ठरते, असे दिसले होते. मात्र चिंचोक्यांत रमलेल्या मुलीकडेही माझे लक्ष राहील. कोणी 'चल, ये' म्हणाले आणि ती कधी उठून गेली, कधी नको म्हणाली, तर मी काहीच लिहिणार नाही. दर वेळी ती अंग चोरून घेत असेल, तर शेरा लिहीन, आणि तो एका ओळीचा नसेल.