शब्दचर्चा: ‘बिनव्याजी’ म्हणावे का? हलाल, रिबा, इजारा, जकात आणि हिबा

अनुवादिका

मलेशियातल्या ताबुंग हाजी या बचतसंस्थेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘बिनव्याजी वित्तव्यवस्था’ आणि ‘हलाल उद्योग’ असे दोन शब्द मी सर्रास वापरले होते. संपादकांनी दोन्हींखाली रेघ ओढली. ‘बिनव्याजी’ वाचून लोकांना फुकटचे कर्ज वाटेल आणि ‘हलाल’ वाचून मटणाचे दुकान, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते, पण दुसरे शब्द सापडत नाहीत.

संदर्भ असा. मलायातले (आजच्या मलेशियातले) शेतकरी हजसाठी आयुष्यभर पैसा साठवत. बँकेतल्या ठेवीवर व्याज येते आणि इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून तो घरातच ठेवत. कमी पडला की जमीन किंवा गुरे विकत. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञांनी १९५९ मध्ये यावर एक योजना मांडली आणि १९६३ मध्ये बचतसंस्था उभी राहिली. थेंबाथेंबाने जमलेला तो पैसा पुढे पामतेलाच्या मळ्यांत, इमारतींत, उद्योगांत लागला. त्यातून होणाऱ्या नफ्यातून ठेवीदाराला दरवर्षी काही रक्कम मिळते. त्या रकमेलाही मी ‘लाभांश’ लिहिले आहे. मूळ शब्द ‘हिबा’ आहे. तेही बरोबर आहे का, सांगा.

वहीखाते

ताई, ‘व्याज’ या शब्दापासूनच सुरुवात करू. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. व्याजस्तुती, व्याजोक्ती हे अलंकार आपण शाळेत शिकलो ते याच अर्थाने. म्हणून ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे बिनव्याजी प्रेम नव्हे, निष्कपट प्रेम. उसन्या पैशावरच्या वाढीला संस्कृत स्मृतींत शब्द आहे ‘वृद्धी’. मनुस्मृतीत दरमहा शेकड्याचा ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का, ही वृद्धी सांगितली आहे.

आता अरबी ‘रिबा’ पाहा, इस्लामने निषिद्ध ठरवलेले व्याज ते हेच. त्याच्या धातूचा अर्थही ‘वाढणे’. म्हणजे ‘रिबा’ला शब्दशः जुळणारा शब्द वृद्धी. मराठीने ‘वृद्धी’ सोडून ‘व्याज’ का उचलला हे मला नेहमी खुणावत आले आहे, पण ते इथे लांबवत नाही.

मुद्दा असा की निषेध नफ्याचा नाही. कुराणातले नेमके वाक्य (२:२७५) असे: अल्लाहने ‘बैअ’ हलाल केला आणि ‘रिबा’ हराम केला. बैअ म्हणजे खरेदीविक्री. आपल्याकडे सौदा ठरताना विसार म्हणून जो ‘बयाणा’ देतात, तो याच ‘बैअ’पासून आलेला. हलाल हा शब्द या वाक्यात मांसाला नव्हे, व्यापाराला लागला आहे, हे तुमच्या संपादकांना जरूर दाखवा. त्याच ग्रंथात (३:१३०) दुपटीतिपटीने वाढणारा रिबा खाऊ नका, असे आहे. आपल्या दामदुपटीच्या नियमामागेही हीच भीती होती. फरक इतकाच की आपण व्याजाला मुद्दलाइतक्यावर अडवले आणि त्यांनी उंबऱ्यावरच.

म्हणून ‘बिनव्याजी’ हा शब्द अर्धा आहे. काय नाही ते तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. जे आहे ते म्हणजे भागी. पैसा देणाऱ्याने नफ्यात वाटा मागायचा असेल तर तोट्यातही उभे राहायचे. मी ‘नफातोट्याच्या भागीतली वित्तव्यवस्था’ असे लिहीन. लांब आहे, पण खरे आहे.

खाडीपट्टी

रत्नागिरीहून लिहितो. वहीखातेकाकांनी ग्रंथातले सांगितले, मी घरातले सांगतो.

आमचे वडील बँकेचे पासबुक भरून आणले की शिसपेन्सिल घेऊन बसत. व्याजाची नोंद आली की तिच्याभोवती गोल. तेवढीच रक्कम वेगळ्या पाकिटात. ते पाकीट कधी कुणाच्या दवाखान्याला, कधी मोहल्ल्यातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला जाई, आणि ते पुण्यात धरायचे नाही, असे ते बजावून सांगत. आपले नव्हतेच ते, तर दान कसले? ‘बिनव्याजी’ शब्दाने हे कळणार नाही. व्याज फुकट सोडणे आणि व्याज आपले न मानणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भागीचे म्हणाल तर समुद्रावर ती पहिल्यापासून आहे. रापणीला, म्हणजे मोठे जाळे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मासेमारीला, गेलात तर दिसेल. मासळी किनाऱ्यावर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. जाळे रिकामे आले तर सगळेच रिकामे. जाळेवाला ‘माझे भाडे टाका’ म्हणत नाही. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत या कराराला आमच्याकडचे मौलवी ‘मुजारबत’ म्हणतात, अरब ‘मुदारबा’ म्हणतात. मला तरी ती रापणच वाटते.

आणखी एक. विम्यासाठीचा ‘तकाफुल’ हा शब्द तुमच्या लेखात येईलच. आखातात नोकरी केलेल्या प्रत्येक कोकणी माणसाला ‘कफील’ माहीत असतो, ज्याच्या जामिनावर व्हिसा मिळतो तो. तकाफुल त्याच धातूचा. एकमेकांचे जामीन राहणे. सगळ्यांनी एका पेटीत वर्गणी टाकायची आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून द्यायचे. ‘परस्पर जामिनकी’ लिहिलेत तर आमच्या गावात सगळ्यांना समजेल.

वहीखाते

भाऊ, रापणीचे उदाहरण उत्तम. एक बारकावा जोडतो. मुदारब्यात बुडाले तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. त्याने हयगय केली नसेल तर त्याच्याकडून पैसा वसूल करता येत नाही. दोघांनीही भांडवल घातले तर तो ‘मुशारका’, म्हणजे शरीक होणे. त्यात नफा ठरल्याप्रमाणे वाटतात, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात.

आणि ‘मुजारबत’चा धातू ‘जर्ब’, म्हणजे ठोकणे. जुन्या नाण्यांवर टांकसाळीच्या गावापुढे ‘जर्ब’ असते, ते तेच. मराठीतली ‘जरब’ही तीच. व्यापाराला त्याचा संबंध असा की ‘जमिनीवर पाय ठोकत जाणे’ म्हणजे प्रवास करणे, मुलुखगिरी. दुसऱ्याचे भांडवल घेऊन तांड्याबरोबर निघणारा तो मुदारिब.

अनुवादिका

हे सगळे छान आहे, पण मला एक शंका सलते आहे. लेखात ‘मुराबहा’वर बरेच आहे. बँक वस्तू विकत घेते आणि जास्त किमतीला हप्त्याने विकते. हे नाव बदललेले व्याजच नाही का? मग ‘भागी’ तरी कसे लिहू?

वहीखाते

शंका रास्त आहे, ताई. ती मुस्लिम विद्वानांनीही घेतली आहे. शिलाई मशीन धरा. दुकानात २०,००० रुपयांना आहे. बाईकडे पैसे नाहीत. बँक ते स्वतः विकत घेते, ‘मला २०,०००ला पडले, तुला २३,०००ला देते’ असे उघड सांगते आणि बारा हप्ते बांधून देते. घरात पडलेली किंमत गिऱ्हाइकापासून लपवायची नाही, ही मुराबह्याची मुख्य अट.

व्याजाशी फरक दोन ठिकाणी पडतो. मशीन बाईच्या हाती पडेपर्यंत ते बँकेचे. वाटेत मोडले तर नुकसान बँकेचे. आणि २३,००० हा आकडा एकदा ठरला की ठरला. हप्ता चुकला म्हणून तो फुगत नाही. दंड लावलाच तर तो बँकेच्या नफ्यात न जाता धर्मादायात जातो. चक्रवाढ इथे थांबते, आणि सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट-दीडपट, धान्य फेडलेल्या घरांना हे थांबणे किती मोठे आहे ते सांगावे लागत नाही.

पण बँकेने ते मशीन कागदावर घटकाभरच ताब्यात ठेवले, जोखीम अशी घेतलीच नाही, तर उरतो तो व्याजाचा हिशेब. प्रत्यक्षात इस्लामी बँकांचा फार मोठा व्यवहार भागीत नसून मुराबह्यासारख्या विक्रीतच आहे. म्हणून मी माझाच शब्द सुधारतो. ‘नफातोट्याची भागी’ हे मुदारबा-मुशारक्यासाठी ठेवा. मुराबह्याला ‘खरेदीची किंमत सांगून केलेली हप्त्याची विक्री’ म्हणा. आणि सगळ्याचे मिळून नाव लागेल तिथे सरळ ‘इस्लामी वित्त’. एका गोड शब्दाखाली तिन्ही झाकले तर वाचकाची फसवणूक होईल.

आपल्या देशात हे का रुजले नाही, याचेही उत्तर याच व्याख्येत आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकेला मालाची खरेदीविक्री करू देत नाही. म्हणजे आपल्या बँकेला ते मशीन विकत घेताच येत नाही. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने व्याजाविना बँकसेवेची वाट काढावी असे सुचवले होते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले.

‘गरर’ही लेखात असेल. अंधारातला सौदा, ज्यात काय मिळणार ते धड ठरलेले नाही. पाण्यातले मासे विकणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हा धातू ‘भुलवणे’ या अर्थाचा. ‘मगरूर’ त्याच धातूचा, मुळात भुललेला तो मगरूर.

जुना तलाठी

यवतमाळकडचा आहे मी. ‘इजारा’ शब्द कोणी काढला नाही म्हणून लिहितो. इस्लामी वित्तात घर किंवा यंत्र भाड्याने देण्याच्या कराराला इजारा म्हणतात. बँक मालक राहते आणि भाडे घेते. आमच्या भागात गावांच्या नावापुढे आजही ‘इजारा’ लागतो. वऱ्हाडात इंग्रज अमलात पडीक जमिनी गावच्या गाव इजाऱ्याने दिल्या, त्याची ती खूण. इजारदार, मक्तेदार हे शब्द पुढे बदनाम झाले. आता इजारा म्हटले की एकाच माणसाची मालकी, मिरास असा भाव येतो. तुमच्या लेखात नुसते ‘इजारा’ लिहिले तर वाचक तिकडेच जाईल. ‘भाडेकरार’ लिहा आणि कंसात इजारा.

व्याज आणि भागी यांतला फरक शेतकऱ्याला समजवायचा तर ठोका आणि बटई पुरे. ठोक्याने जमीन केली तर पाऊस पडो न पडो, ठरलेले पैसे मोजायचे. बटईत निम्मे पीक तुझे, निम्मे माझे; जळाले तर दोघांचे जळाले.

वहीखाते

वाट चुकवणारा आणखी एक शब्द ‘जकात’. मुसलमान वाचकाला जकात म्हणजे वर्षभर टिकलेल्या बचतीचा अडीच टक्के गरिबाचा हक्क, हेच माहीत. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र नाका येतो, रात्री थांबलेले ट्रक आणि पावती. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कराबरोबर गेली, पण शब्दातून नाका जायला वेळ लागेल. मलेशियात जकात राज्यवार गोळा होते आणि तिच्यातून गरजूंना धंद्याचे साहित्यही देतात. तिथे पहिल्यांदा शब्द आला की ‘जकात, म्हणजे बचतीतला दानभाग’ असे एकदा फोडून लिहा.

आता हलाल. धातूचा अर्थ ‘गाठ सोडणे’. ओझे सोडून मुक्काम टाकायची जागा ती ‘महल्ल’, तिच्यातून आपला महाल आणि मोहल्ला आले. हलाल म्हणजे मोकळे केलेले, मुभा असलेले. मराठीत तो दोन टोकांना गेला. ‘हलाल करणे’ म्हणजे हाल करून मारणे. आणि दुसरीकडे ‘हलालखोर’, कष्टाचे खाणारा. हे नाव आपण मैला वाहणाऱ्या माणसाला दिले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ‘हलालखोर कर’ असा करच होता, संडास-सफाईचा. शहराची घाण ज्याने उचलली त्याची कमाई हलाल, हे शब्दाने कबूल केले आणि माणसाला मात्र वस्तीबाहेर ठेवले. हा शब्द लिहिताना मला ते दरवेळी आठवते.

‘हलाल उद्योग’ तसाच ठेवा, ताई. ‘शुद्ध’ लिहू नका, त्यात सोवळ्याचा वास येतो. ‘धर्मसंमत’ फार ढगळ होतो. पण पहिल्याच परिच्छेदात उदाहरण द्या, आणि ते मांसाचे नको. औषधाच्या कॅप्सूलचे टरफल बहुधा जिलेटिनचे असते आणि ते जिलेटिन कोणत्या प्राण्याचे, हा हलाल उद्योगाचा रोजचा प्रश्न आहे. सौंदर्यप्रसाधने, गोदामे, मालवाहतूक, सगळे त्यात येते. मलेशियात जाकिम हे सरकारी खाते प्रमाणपत्र देते. इंडोनेशियाने २०१४ मध्ये त्यासाठी कायदाच केला. लहान कारखानदाराला ते प्रमाणपत्र परदेशी बाजाराचे दार ठरते आणि त्याचा खर्च ओझेही ठरतो. दोन्ही लिहा.

अनुवादिका

खूप मिळाले. ‘हिबा’ तेवढा राहिला. लेखाच्या शेवटी असे आहे की ताबुंग हाजी वर्षानुवर्षे चांगला हिबा देत राहिली, आणि २०१८ मध्ये तिची देणी मालमत्तेहून जास्त असल्याचे बाहेर आले. सरकारला सुमारे १९.९ अब्ज रिंगिटची (रिंगिट हे मलेशियाचे चलन) मालमत्ता वेगळ्या कंपनीकडे वळवावी लागली. ‘लाभांश’ लिहून चालेल?

जुना तलाठी

नाही चालणार, ताई. लाभांशावर भागधारकाचा दावा असतो. हिबा म्हणजे बक्षीस. तलाठ्याकडे हिब्याचे फेरफार येतात, त्यात आम्ही तीन गोष्टी पाहायचो: देणाऱ्याने ‘दिले’ म्हटले का, घेणाऱ्याने ‘घेतले’ म्हटले का, आणि ताबा दिला का. एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. पुतण्याला वाडा हिब्याने दिला म्हणून कागद घेऊन. मी विचारले, किल्ली कुणाकडे? त्यांनी स्वतःच्या कनवटीला हात लावला. मी म्हणालो, चाचा, मग अजून दिलेला नाही. ते हसले नाहीत. तिथेच किल्ली काढून पुतण्याच्या हातावर ठेवली.

हातात पडेपर्यंत हिबा हिबा नसतो. पुढच्या वर्षीचा आधीच कबूल करता येत नाही, आणि केला तर लोक त्याला व्याजासारखे धरून चालतात. तुमच्या लेखात ‘हिबा’च ठेवा आणि पुढे ‘स्वखुशीने दिलेली रक्कम’ लिहा.