मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून एस्प्रेसो ग्राइंडरचं गणित बिघडलंय (खारघर)

नमस्कार मंडळी. कॉफीवाल्यांनी आणि यंत्रांत हात घालणाऱ्यांनी जरा लक्ष घाला. चहावाल्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त "चहा प्या, प्रश्न मिटेल" एवढं लिहू नका, ते घरात रोज ऐकतेच आहे.

माझ्याकडे घरगुती इलेक्ट्रिक ग्राइंडर आहे. आत स्टीलचे कोनिकल बर्र (बीन्स दळणारे शंकूसारखे दातेरी भाग), वर हॉपर, म्हणजे बीन्स भरायचं भांडं, पुढे सेकंदांचा टायमर. दळण बारीक-जाड करायच्या कडीला, म्हणजे कॉलरला, खाचा नाहीत, हवी तेवढी फिरवता येते. बीन्स चिकमगळूरचे, अरेबिका, मीडियम-डार्क. उन्हाळाभर सगळं सुरळीत होतं: 18 ग्रॅम पावडर, त्यातून कपात 36 ग्रॅम कॉफी, उतरायला 27-28 सेकंद. जून लागला आणि तंत्र फिसकटलं. त्याच सेटिंगवर सकाळचा शॉट (एका वेळची एस्प्रेसो) रडतखडत 40 सेकंदांच्या पुढे जातो आणि संध्याकाळचा 18 सेकंदांत भसकन खाली. सकाळी दळण जाडसर करते, संध्याकाळी बारीक करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आमच्याकडे दमटपणा किती असतो ते टेकडीच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको. मिठाला पाणी सुटतं, पापड डब्यात सादळतात. त्यात ग्राइंडर ओट्यावर, गॅसच्या शेजारी, म्हणजे कुकरची वाफही त्यालाच. पावडर मोकळी पडत नाही, गोळे होतात.

दुसरं दुखणं आवाजाचं. बारीक सेटिंगवर किर्रर्र असा धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येतो. दुरुस्तीवाल्याने मध्यंतरी उघडून साफ करून दिला, त्यानंतर हे सुरू झालं. त्यालाच विचारलं तर म्हणतो बर्र झिजले, नवीन टाका. आम्ही दोघं मिळून दिवसाला दोन कॉफ्या पितो. एवढ्यात झिजतात?

आणि ते कच्चे तांदूळ दळून ग्राइंडर साफ करायचं खरं की खोटं? सासूबाई विचारतायत, यात वेलदोडे दळले तर चालतील का, मिक्सरपेक्षा बारीक होतील. त्यांना पटेल असं उत्तर हवंय.

- धागाकर्ती

नौपाडाकर:
ताई, 18 ग्रॅम म्हणताय ते काट्यावर मोजलेले की टायमरवर सोडलेले? टायमर सेकंद मोजतो, कॉफी नाही. हॉपर भरलेला असला की वरच्या वजनाने बीन्स बर्रमध्ये नीट उतरतात. हॉपर तळाशी आला, किंवा डार्क रोस्टचं तेल सुटून बीन्स एकमेकांना चिकटायला लागले, की तेवढ्याच सेकंदांत कमी पावडर पडते. बास्केटमध्ये, म्हणजे यंत्राच्या पावडर भरायच्या जाळीत, पावडर कमी म्हणजे पाण्याला अडवणारं कमी, मग शॉट धावणारच. सकाळी हॉपर भरत असाल तर सकाळ-संध्याकाळचं कोडं इथेच सुटेल. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, सोनाराचा नको, स्वयंपाकघरातला साधा छोटा मिळतो. काटा येईपर्यंत कॉलरला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

कडू_घोट:
थोडा धागा भरकटवतो. पावसाळी हवेत कॉफी मुद्दाम ठेवायचा उद्योग मलबार किनाऱ्यावर होतोच. उघड्या बाजूंच्या गोदामांत जून ते सप्टेंबर हिरव्या बिया पसरतात, त्या ओलावा पिऊन फुगतात, पिवळट होतात, आंबटपणा जातो. तेच मॉन्सून्ड मलबार, त्याला जीआय मानांकनही आहे. तुम्ही घरबसल्या मॉन्सून्ड खारघर बनवताय.

पण फरक असा की तिथे बी भाजायच्या आधी ओलावा पिते. भाजलेल्या बीमध्ये ओलावा जेमतेम 2-3 टक्के उरलेला असतो, ती आसुसलेली असते. ती सादळली की वास जातो, दळताना तिचा कुरकुरीत चुरा होत नाही, आणि पावडर ओली पडून गुठळ्या होतात. गुठळ्यांच्या मधून पाणी आपली वाट काढतं, एका बाजूने कॉफी करपट कडू, दुसऱ्या बाजूने पाणचट. बुचात चार-पाच बारीक सुया खोचा आणि टॅम्प करायच्या, म्हणजे दाबून बसवायच्या, आधी बास्केटमधली पावडर तळापासून ढवळा. फुकटचा उपाय आहे, आणि माझ्या मते महागड्या टॅम्परपेक्षा जास्त कामाचा.

कुणी बीन्सवर पाण्याचा फवारा मारायला सांगेल. तो स्थिर विजेवरचा इलाज, जानेवारीत कोरड्या हवेत पावडर ओटाभर उडते तेव्हाचा. आत्ता खारघरची हवाच फवारा मारतेय.

धागाकर्ती:
नौपाडाकर, तुमच्या तोंडात साखर! काटा शेजाऱ्यांकडून आणला. हॉपर सकाळीच भरते. टायमर तोच, सेटिंग तेच: सकाळी 19.1 ग्रॅम, संध्याकाळी 16.3. मी उगाच कॉलरशी झगडत होते आणि पावसाला शिव्या घालत होते. आता हॉपर रिकामा ठेवून प्रत्येक वेळी 18 ग्रॅम बीन्स मोजून टाकते. शॉट 30 ते 34 सेकंदांच्या मध्ये फिरतोय. अजून नीट बसला नाही, पण 18 आणि 40 च्या मानाने सुख आहे. आवाज मात्र तसाच.

लेथवाला_रबाळे:
आवाजाचं मी बोलतो. आधी झिजण्याचा हिशेब करा. दिवसाला दोन शॉट, 36 ग्रॅम. वर्षाला साधारण 13 किलो. स्टीलच्या बर्रचं आयुष्य शेकडो किलोंत धरतात. काळ्या बियांत खडा येऊन दात तुटला असेल तर गोष्ट वेगळी, तो डोळ्यांना दिसतो. नाहीतर बर्र बदलायचे पैसे आत्ता खिशातच राहू द्या.

माझा संशय वेगळा आहे. उघडून बंद करताना वरच्या बर्रच्या बैठकीवर पावडर राहिली असणार. कागदाएवढा थर पुरतो. बर्र तिरका बसतो, एका बाजूला खालच्या बर्रला घासतो आणि दुसऱ्या बाजूला फट मोठी राहते. म्हणजे आवाजही येतो आणि दळणही अर्धं बारीक अर्धं रवाळ पडतं. तुमचा शॉट अजून नीट का बसत नाही त्याचं उत्तरही यात असू शकतं.

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. कॉलर आत्ता कुठे आहे तिथे पेन्सिलने खूण करा. हॉपर उचला, कॉलर जाडच्या दिशेने फिरवत जा, वरचा बर्र बाहेर येईल. कडक ब्रशने बैठक, आटे, खालच्या बर्रच्या खाचा झाडा. पावडर पडते त्या नळीत बांबूची काडी घाला, तिथे जुनी पावडर घट्ट बसलेली असते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तम. बर्रला पाणी लावायचं नाही, आपल्याकडच्या हवेत रात्रीत गंज धरतो. हॉपर तेवढा साबणाने धुवा, त्यावर तेलाचा पापुद्रा बसतो आणि तो खवट होतो. पण खडखडीत वाळल्याशिवाय परत लावू नका.

बसवताना बैठकीवरून बोट फिरवा. कणही लागायला नको. मग रिकामा ग्राइंडर चालू करून कॉलर अगदी सावकाश बारीककडे न्या. बर्र टेकल्याचा हलका आवाज आला की लगेच मागे. तो तुमचा शून्य. जुनी खूण आणि नवीन शून्य जुळले नाहीत तर घाबरू नका. आणि एक सवय लावून घ्या: बारीक करायचं ते मोटर चालू असतानाच, नाहीतर मधे अडकलेल्या पावडरवर बर्र आवळला जातो. जाड कधीही करा.

तांदूळ नको. कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कडक, मोटरवर ताण येतो, आणि त्याचं पीठ आत राहून दमट हवेत लगदा होतो. बरेच उत्पादक वॉरंटीतही तांदूळ धरत नाहीत. ग्राइंडर साफ करायच्या गोळ्या मिळतात, बीन्सच्या आकाराच्या, त्या दळायच्या आणि मागून थोडी कॉफी दळून फेकून द्यायची.

धागाकर्ती:
दादा, बैठकीवर पावडर होती! अर्ध्या गोलात चिकटून टणक झालेली, नखाने खरवडावी लागली. दुरुस्तीवाल्याने ब्रश वरवर फिरवला असणार. नळीतून जे निघालं त्याचा वास सांगत नाही. आता आवाज बंद. शून्य जुन्या खुणेपासून बोटभर सरकला. सेटिंग नव्याने लावलं, आधीची पावडर आत उरलेली असते म्हणून प्रत्येक बदलानंतर थोडी दळून फेकली. 18 ग्रॅमला 36, 28 सेकंद, सकाळीही आणि संध्याकाळीही.

बीन्स ठेवायचे कसे ते राहिलं. फ्रिजमध्ये ठेवू का? आणि वेलदोडे.

कडू_घोट:
फ्रिज नको. रोज पाकीट बाहेर काढलं की थंड बीन्सवर दव धरतं, परत तेच. आठवड्यापुरते घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून लांब, कोरड्या कपाटात. बाकीचे एकेका शॉटचे भाग करून छोट्या हवाबंद डब्यांत फ्रीजरमध्ये. त्यातला एक काढायचा आणि गार असतानाच सरळ दळायचा. पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्या, आणि पावसाळ्यात अर्ध्या किलोऐवजी पाव किलोच मागवा.

नौपाडाकर:
वेलदोड्यांचं: सासूबाईंना सांगा, चालतील, पण मग पुढचे कित्येक दिवस त्यांच्या मुलाच्या प्रत्येक कॉफीला श्रीखंडाचा वास येईल. सालं चिवट असतात, तीही बर्रमध्ये गुंततील. त्यांना छोटा खलबत्ता आणून द्या.

धागाकर्ती:
विचारलं. म्हणाल्या, श्रीखंडाचा वास आला तर बिघडलं कुठे. खलबत्ता मागवलाय. गोळ्या वाशी-सानपाड्यात दुकानात मिळतात का कुणाला माहीत आहे? ऑनलाइन मोठंच पाकीट घ्यावं लागतंय.