गोठ्याची खोली करताना शेजारी शेजारी दोन खिडक्या : मधली भिंत ठेवावी की काढावी?

कौलारू_घर (खानापूर तालुका)

नमस्कार. जांबोटीच्या अलीकडे आमचे जुने कौलारू घर आहे. घराला लागून असलेला गोठा आता रिकामा आहे आणि आईला माडीवर चढावे लागू नये म्हणून त्याचीच राहती खोली करावी, असे घरात ठरले आहे. खोली आतून १४ फूट लांब व १० फूट रुंद भरते. भिंती जांभ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या व दीड फूट जाड आहेत. लांब बाजूची भिंत पश्चिमेला असून ती वळचणीशी १० फूट उंच आहे, आणि तिच्यावर आडव्या टाकलेल्या लाकडी तुळईवर सगळे वासे टेकलेले आहेत.

सध्या या भिंतीत हातभर झरोक्यांखेरीज काही नाही, त्यामुळे भर दुपारीही आत दिवा लावावा लागतो. म्हणून प्रत्येकी साडेतीन फूट रुंद व चार फूट उंच अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी बसवायच्या आहेत. त्यांची वरची कड जमिनीपासून पावणेसात फुटांवर येईल. गवंडी म्हणतात की सलग सात फुटांचा एकच गाळा काढावा आणि दोन चौकटी मधल्या दांड्याने जोडून बसवाव्यात, म्हणजे उजेड अधिक मिळेल आणि काम लवकर आटोपेल. मला मात्र मधला काही भाग भिंतीचाच ठेवावा असे वाटते, पण तो किती ठेवावा याचा अंदाज नाही. आमच्याकडे पश्चिमेची झड कशी असते हे इथल्या मंडळींना सांगायला नको. मृगाच्या आत काम पुरे करायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्थापत्य_बेळगाव

तुमची शंका रास्त आहे. तुमच्या भिंतीची मापे पाहता मधली भिंत ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

भिंतीत गाळा काढला की त्याच्या वरची दगडबांधणी आपोआप कमानीसारखी काम करू लागते आणि लिंटेलवर, म्हणजे गाळ्याच्या माथ्यावर टाकलेल्या आडव्या काँक्रीटच्या तुळईवर, साधारणपणे फक्त एका समभुज त्रिकोणातल्या बांधकामाचे वजन येते, बाकीचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतो. हा त्रिकोण गाळ्याच्या रुंदीवर उभा असतो. साडेतीन फुटांच्या गाळ्यावर त्याची उंची तीन फुटांच्या आसपास येते, तर सात फुटांच्या गाळ्यावर ती सहा फुटांवर जाते. तुमच्या खिडकीच्या वर भिंत उरते सव्वातीन फूट. म्हणजे सलग सात फूट उघडले तर कमान तयार व्हायला जागाच राहत नाही, आणि वरची सगळी भिंत, तुळई, वासे व पावसात भिजून जड झालेली कौले यांचा भार थेट एका लिंटेलवर येतो. शिवाय ते लिंटेल दोन टोकांना जिथे टेकते तिथे मातीतली जुनी बांधणी आहे, आणि दोन बोटे जागेवर एवढा भार ती सोसत नाही. असे लिंटेल स्वतः मोडले नाही तरी त्याच्या टोकांखालचे दगड हळूहळू दबतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा वर चढतो. दोन साडेतीन फुटी गाळ्यांत हा प्रश्न बराच हलका होतो, तरीही वरच्या तुळईचा भार हिशेबात धरूनच लिंटेलमधील सळया एखाद्या अभियंत्याकडून ठरवून घ्याव्यात.

मधली भिंत किती असावी याला आधार आहे. भूकंपरोधक बांधणीसाठीच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात दोन शेजारच्या गाळ्यांमधील भिंतीची किमान रुंदी इमारतीच्या वर्गाप्रमाणे ३४० ते ५६० मिलिमीटर दिली आहे. दीड फूट, म्हणजे सुमारे ४५० मिलिमीटर, हे तुमच्या एकमजली खोलीसाठी योग्य माप ठरेल. दोन खिडक्यांचे सात फूट आणि मधला दीड फूट मिळून साडेआठ फूट होतात, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांशी प्रत्येकी पावणेतीन फूट सलग भिंत उरते, आणि तेवढी ती उरलीच पाहिजे. एका बाजूला ऐसपैस दिसावे म्हणून खिडक्या कोपऱ्याकडे सरकवू नयेत.

आता क्रम. दोन्ही गाळे एकाच वेळी उघडायचे नाहीत, ही गोष्ट गवंड्यांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी. आधी छपराचा भार आतल्या बाजूने आडवी कडी व धिरे देऊन तुळईखाली उचलून धरावा. धिऱ्यांच्या खाली जाड फळी हवी, नुसत्या मातीच्या जमिनीत ते रुततात. मग लिंटेलच्या वर भिंतीतून आरपार आडव्या कड्या घालून त्यांनाही दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. त्यानंतर पहिल्या खिडकीचा साडेतीन फूट आणि त्याला लागून मधल्या खांबाचा दीड फूट एवढाच भाग उतरवावा. मधला खांब जुन्या मातीतला ठेवू नये. दोन्ही बाजूंनी कापल्यावर त्यातले दगड सुटे होतात. तो चांगले टणक चिरे निवडून एकास सहा सिमेंट-वाळूत नव्याने बांधावा आणि वर काँक्रीटची बैठक द्यावी.

लिंटेल आधीच अंगणात ओतून, निदान चौदा दिवस पाणी मारून तयार ठेवता येतात. भिंत दीड फूट जाड असल्याने नऊ-नऊ इंचांचे दोन तुकडे करावेत, आधी बाहेरचा बसवावा, मग आतला. पाच फूट लांब, नऊ इंच रुंद व सहा इंच जाड अशा एका तुकड्याचे वजन साधारण १३० किलो भरते, ते चार माणसे उचलू शकतात. दोन्ही बाजूंना नऊ इंच टेक मिळते, आणि दीड फुटी मधल्या खांबावर दोन खिडक्यांची लिंटेले बरोबर एकमेकांना भिडतात. लिंटेल बसल्यावर वरच्या जुन्या दगडांत व त्यात राहिलेली फट कोरड्या मसाल्याने आणि दगडी चिपांनी ठासून भरावी. ही फट ढिली राहिली की टेकू काढल्यावर वरची भिंत खाली बसते, म्हणून हे काम मी नेहमी स्वतः हात घालून तपासतो. खांब व ही भरणी पुरेशी पक्की झाल्यावरच दुसऱ्या खिडकीला हात लावावा.

एक गोष्ट आणखी. लिंटेलमधून काँक्रीटचा छज्जा बाहेर काढायचा मोह आवरावा. छज्जा मागे खेचून धरायला त्याच्या शेपटीवर पुरेसे वजन लागते आणि तुमच्याकडे वर फक्त सव्वातीन फूट मातीतली भिंत आहे. त्याऐवजी लोखंडी ब्रॅकेटवर मंगलोरी कौलांचे दोन फूट पुढे येणारे एकच छोटे छप्पर दोन्ही खिडक्यांवरून न्यावे आणि ते दोन्ही बाजूंना फूटभर जास्त ठेवावे.

चौकट_काच (उद्यमबाग)

भिंतीबद्दल वर लिहिले आहे ते मला पूर्ण पटते. मी खिडक्यांच्या व्यवसायात असल्यामुळे चौकटीपुरते लिहितो.

जोडखिडकीत पाणी सर्वांत आधी दोन चौकटींच्या मधल्या सांध्यातून येते. तुम्ही मध्ये खांब ठेवलात की तो सांधाच उरत नाही, आणि कणकुंबीकडून येणाऱ्या झडीसमोर ही मोठीच सोय आहे. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) चौकटी घेणार असाल तर आणखी एक फायदा होतो. हे साहित्य उष्णतेने बरेच प्रसरण पावते. पश्चिमेच्या उन्हात तापमान तीस अंशांनी बदलले तर सात फुटांची जोडचौकट चार ते पाच मिलिमीटर वाढते, साडेतीन फुटांची त्याच्या निम्मी. त्यामुळे चौकट गाळ्यात ठासून बसवू नये. चारही बाजूंना पाच ते दहा मिलिमीटर फट ठेवून ती फोमने भरावी आणि बाहेरून हवामान सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करावी. सिमेंटने फट भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर पडते आणि पावसाला वाट मिळते.

मापे गवंडीकाम व गिलाव्याच्या कडा झाल्यावरच द्यावीत. रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी आणि उंचीही तशीच घ्यावी, सर्वांत लहान माप धरावे आणि त्यातून फटीचे माप वजा करावे. दोन्ही कर्ण मोजून पाहावेत.

जांभ्यात स्क्रू धरण्याचा प्रश्न तुमच्याकडे येणारच. जांभा हवापाणी खाऊन बाहेरून टणक होतो, पण पोटातला, नुकताच कापलेला भाग मऊ आणि छिद्रांचा असतो. प्लास्टिकच्या प्लगात बसवलेला स्क्रू त्यात फिरत राहतो. म्हणून खांब व कडा बांधतानाच जिथे स्क्रू येणार तिथे काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्यावेत. कोपऱ्यापासून १५० ते २०० मिलिमीटरवर पहिला स्क्रू आणि पुढे दोन स्क्रूंमध्ये ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको, एवढे लक्षात ठेवून ठोकळ्यांची जागा ठरवावी.

सरकत्या काचा घेऊ नयेत, असे मी आवर्जून सांगेन. तुमच्या दोन खिडक्या मिळून २८ चौरस फूट होतात आणि खोली १४० चौरस फूट आहे, म्हणजे एक-पंचमांश. राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी एक-षष्ठांश व मध्यम हवामानासाठी एक-अष्टमांश अशी किमान अपेक्षा आहे. पण सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, तेव्हा प्रत्यक्ष वारा जेमतेम १४ चौरस फुटांतून येईल. बिजागरीची, बाहेर उघडणारी झडप पूर्ण उघडते आणि बंद केल्यावर रबरावर घट्ट दाबून बसते. गज व डासांची जाळी मग आतल्या बाजूला येतील, ते आधीच ठरवून ठेवावे.

सुतारकाम_निपाणी

लाकडी चौकट करायची झाल्यास एवढेच ध्यानात असू द्यावे. साग जुना, वाळलेला घ्यावा. जुन्या घराच्या तुळयांतून निघालेला मिळाला तर फारच उत्तम. भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना वाळवी व ओल यांसाठी आधी लेप द्यावा. खालच्या आडव्या लाकडाच्या तळाशी पाणी साचू देऊ नये. पश्चिमेच्या भिंतीत लाकूड टिकते, परंतु दर दोन-तीन वर्षांनी रंग-तेल करण्याची घरच्यांची तयारी हवी. आईंच्या खोलीत ही उठाठेव नको असेल तर यूपीव्हीसी घेण्यात कमीपणा नाही.

कौलारू_घर (खानापूर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. त्रिकोणाचा हिशेब मी गवंड्यांना कागदावर काढून दाखवला. त्यांनीही मग वरच्या भिंतीची उंची स्वतः मोजून पाहिली आणि मध्ये दीड फुटाचा खांब ठेवायला ते राजी झाले. अभियंत्यांना बोलावून सळयांचे माप घेणार आहोत. दोनच शंका उरल्या आहेत. दोन खिडक्या वेगवेगळ्या वेळी उघडल्यामुळे त्यांच्या वरच्या-खालच्या कडा एका रेषेत येतील याची खात्री कशी करावी? आणि खिडकीच्या तळाशी येणारी फरशी कशी बसवावी?

चौकट_काच (उद्यमबाग)

पहिला दगड काढण्याआधीच लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या नळीने) पाणसळ घेऊन आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही तोंडांवर, १४ फूट लांबीभर एक आडवी रेषा मारून घ्यावी. ती जमिनीपासून तीन फुटांवर असली तर गवत-सामानाच्या आड जात नाही. दोन्ही खिडक्यांची वरची व खालची मापे याच रेषेवरून मोजावीत. गोठ्याची जमीन मूत्र वाहून जाण्यासाठी एका बाजूला उतरती केलेली असते, म्हणून जमिनीवरून माप घेतले तर दुसरी खिडकी हमखास वर-खाली होते. चौकटी बसवताना बाहेरच्या कडेने एकच दोरी ताणावी, म्हणजे दोन्ही चौकटी भिंतीत सारख्या खोलीवर बसतील. तुमच्या जाड भिंतीत हा फरक चटकन डोळ्यांत भरतो.

फरशीसाठी कडाप्पा किंवा ग्रॅनाइट घ्यावा. चौकटीखाली फरशीचे दोन भाग करावेत. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा अर्धा इंच खाली आणि बाहेर उतरता असावा. तो भिंतीपुढे दोन इंच यावा, आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेपासून पाऊण इंच आत ग्राइंडरने एक सलग खाच पाडून घ्यावी, म्हणजे ओघळ तिथेच तुटून खाली पडतो आणि जांभ्यात मुरत नाही. फरशीची दोन्ही टोके गिलाव्यात इंचभर आत शिरली पाहिजेत. चौकटीच्या तळाला पाणी जाण्यासाठी जी छिद्रे असतात ती सिलिकॉन लावताना बुजत नाहीत ना, हे कामगार शिडीवरून उतरण्याआधी पाहावे आणि लगेच बादलीभर पाणी काचेवर मारून आत हात फिरवून घ्यावा.