ओकायामात महिनाभराचा मुक्काम: तिथल्या माणसांशी ओळखी कशा होतील?

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून माझी पत्नी मराठी शाळेत शिक्षिका होती. येत्या ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर जपानमध्ये राहण्याचा आमचा बेत आहे आणि त्यासंबंधी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. परदेशी सहली आम्ही यापूर्वीही केल्या, परंतु त्या सगळ्या प्रवासी कंपनीबरोबरच्या होत्या. सकाळी नाश्ता, मग बस, मग मोजून दिलेल्या वेळात स्थळदर्शन, आणि रात्री पुन्हा आपल्याच मंडळींबरोबर वरण-भात. त्यात गैर काही नाही, सोय उत्तम असते. पण त्या देशातील एकाही माणसाशी धड दहा मिनिटे बोलणे झाले नाही ही रुखरुख प्रत्येक वेळी राहिली. या वेळी स्थळे कमी झाली तरी चालतील, माणसे भेटली पाहिजेत, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

ओकायामाच का, असे कोणी विचारेल म्हणून सांगतो. आमच्या घराजवळचे पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात, ते ओकायामाच्या कोराकुएन या बागेवरून बेतलेले आहे. वर्षानुवर्षे जिच्या प्रतिकृतीत फिरलो ती १७०० साली पूर्ण झालेली मूळ बाग पाहावी ही इच्छा जुनीच होती. शिवाय तोक्यो-क्योतोच्या मानाने हे शहर आटोपशीर आहे, शिनकान्सेनने ओसाकाहून पाऊण तासाच्या अंतरावर आहे आणि तेथे महिनाभराचे भाडे आम्हाला झेपण्यासारखे आहे.

अडचण अशी आहे की आमचे तेथे कोणीही ओळखीचे नाही. पत्नीने पुण्यात जपानीच्या प्राथमिक वर्गाला नाव घातले आहे, पण आमची मजल नमस्कार-चमत्कार आणि आकड्यांच्या पुढे जाईल असे वाटत नाही. विनामोबदला शहर दाखवणारे ‘गुडविल गाइड’ तेथे असतात असे वाचले. परंतु त्यांच्याशी होणारी भेट म्हणजे पुन्हा स्थळदर्शनच, की त्यातून खरोखर काही ओळख होते? आमच्या वयाची माणसे तेथे एकत्र कोठे जमतात? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. कोणी आपुलकीने खाऊ घातले तर त्यांना न दुखावता काय करावे? आणि मुख्य म्हणजे, जपानी माणूस भिडस्त असतो असे ऐकले आहे, तेव्हा आपण होऊन बोलायला जाणे त्यांना आगाऊपणाचे तर वाटणार नाही ना?

ओसाकाकर

काका, नमस्कार. मी बरीच वर्षे ओसाकात नोकरी करतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जपानमध्ये पासष्टीच्या पुढच्या लोकांचे प्रमाण आता सुमारे २९ टक्के आहे, म्हणजे तुमच्या वयाच्या माणसांचा तुटवडा मुळीच नाही. प्रश्न फक्त वेळेचा आहे. पर्यटक सकाळी नऊनंतर बाहेर पडतात आणि ही मंडळी तोपर्यंत आपले कार्यक्रम आटोपून घरी गेलेली असतात. तुम्ही पहाटे उठणारे असाल तर तुमचे अर्धे काम झाले.

येथे ‘राजिओ ताइसो’ म्हणजे रेडिओवरचा व्यायाम १९२८ पासून चालत आला आहे. महायुद्धानंतर काही वर्षे तो थांबला होता, पण १९५१ पासून पुन्हा सुरू आहे. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर रोज सकाळी साडेसहाला दहा मिनिटांचा कार्यक्रम लागतो. आमच्या वस्तीतील मैदानावर एक आजोबा बाकावर छोटा रेडिओ ठेवतात, पियानो सुरू होतो, आणि तोवर इकडेतिकडे उभी असलेली वीस-पंचवीस माणसे कोणी काही न सांगता हातभर अंतर सोडून उभी राहतात. प्रवेश अर्ज नाही, वर्गणी नाही. तुम्ही मागच्या रांगेत उभे राहून पुढच्याचे पाहून हात-पाय हलवायचे. व्यायामापेक्षा नंतरची पाच-सात मिनिटे महत्त्वाची. तेव्हा लोक घोळक्याने बोलत उभे असतात. पहिल्या दिवशी तुमच्याकडे पाहून नुसती मान लववतील. सलग तीन-चार दिवस दिसलात की कोणीतरी ‘कुठून आलात’ हे विचारणारच, आणि भारत म्हटल्यावर पुढचे संभाषण तेच चालवतील. मात्र कोराकुएनमध्ये हे शोधू नका. ती तिकिटाची बाग आहे आणि त्या वेळी बंद असते. आसाही नदीचा काठ, वस्तीतील लहान उद्याने, देवळांची आवारे अशा ठिकाणी पाहा. घरमालकाला विचारलेत तर तो नेमकी जागा सांगेल.

दुसरे म्हणजे ग्राउंड गोल्फ. नावावर जाऊ नका, श्रीमंती खेळ नाही. ओकायामाला लागून असलेल्या तोत्तोरी प्रांतातील एका गावात १९८२ मध्ये हा खेळ वयस्कर लोकांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला. लाकडी काठीने चेंडू जमिनीवरून लोटत धातूच्या उभ्या चौकटीत नेऊन थांबवायचा, इतकेच. सकाळच्या वेळी मैदानावर खेळ चालू दिसला तर कडेच्या बाकावर बसून पाहा आणि चांगल्या फटक्याला टाळ्या द्या. बहुतेक ठिकाणी थोड्या वेळाने एखादी आजी तुमच्या हातात काठी देते.

गुडविल गाइडबद्दल तुमची शंका रास्त आहे, पण उत्तर तुमच्या विनंतीपत्रावर अवलंबून आहे. हे स्वयंसेवक बहुधा निवृत्त लोक किंवा गृहिणी असतात आणि त्यांना इंग्रजी बोलण्याची हौस असते. मोबदला घेत नाहीत. त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण मात्र आपण करायचे असते. साधारण दोन आठवडे आधी कळवावे. पत्रात ‘किल्ला आणि बाग पाहायची आहे’ एवढेच लिहिलेत तर किल्ला आणि बागच दाखवतील. त्याऐवजी मी पाटबंधाऱ्यांत आयुष्य काढले, तेव्हा कोजिमा उपसागरात भराव घालून केलेली शेती आणि बांध घालून समुद्रापासून तोडलेले गोड्या पाण्याचे सरोवर पाहण्याची इच्छा आहे, असे लिहा. असा पाहुणा त्यांना क्वचितच मिळतो. त्या भागातला, शेतीपाण्यातले कळणारा कोणी असेल तर तो त्यांना आठवेल, आणि दोन अभियंते एकत्र आले की कागदावर आकृत्या काढूनही तासभर बोलू शकतात.

आगाऊपणाबद्दल म्हणाल, तर नमस्कार करणे कोठेही आगाऊपणाचे नाही. वय, पगार, मुलेबाळे हे आपल्याकडचे पहिल्या भेटीतले प्रश्न तेवढे टाळावेत. कोणी घरी बोलावले नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. येथे वर्षानुवर्षांचे मित्रही चहाच्या दुकानातच भेटतात.

निवांतपथिक

वरील सर्व सूचना उत्तम आहेत. मी आणि माझे यजमान निवृत्तीनंतर जपानमध्ये काही काळ राहून आलो, त्यावरून एक गोष्ट आग्रहाने सुचवते. ओकायामापर्यंत जाणारच आहात तर शिकोकू बेटावर दोन-तीन दिवस चाला.

१९८८ मध्ये सेतो समुद्रावर मोठा पूल झाल्यापासून ओकायामाहून शिकोकूतील ताकामात्सू रेल्वेने सुमारे तासाभराच्या अंतरावर आले आहे. या बेटावर कोबो दाइशी या आठव्या-नवव्या शतकातील बौद्ध आचार्यांच्या नावाने ८८ देवळांची परिक्रमा चालते. संपूर्ण वाट सुमारे १,२०० किलोमीटरची आहे आणि ती सगळी चालण्याची काहीच गरज नाही. पहिले देऊळ र्‍योझेन्जी हे तोकुशिमाच्या बाजूला बांदो स्थानकापासून पायी जाण्यासारखे आहे. पहिली दहा देवळे तीस किलोमीटरच्या आत येतात आणि वाट बरीचशी सपाट, वस्तीतून आणि शेतांमधून जाते. सहाव्या देवळात, आनराकुजीत, यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय आहे. तेथे पहिला दिवस संपवावा. दहाव्या देवळाला मात्र ३३३ पायऱ्या आहेत, त्यांचा विचार गुडघ्यांना विचारून करावा.

हे सुचवण्याचे कारण असे की या वाटेवर तुम्हाला कोणाशी बोलायला जावे लागत नाही, लोक तुमच्याकडे येतात. अंगात पांढरा सदरा, हातात काठी आणि डोक्यावर गवती टोपी दिसली की तुम्ही यात्रेकरू ठरता. धर्म आणि देश कोणी विचारत नाही. यात्रेकरूला काहीतरी द्यायचे, या रिवाजाला तेथे ‘ओसेत्ताई’ म्हणतात. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांना चहा-फराळ घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत, त्याच भावनेने तेथे संत्री, गोळ्या, चहा, क्वचित नाणीही हातावर ठेवतात. एका घरासमोर आजीबाईंनी आम्हाला थांबवले, आत जाऊन त्या कागदाच्या पिशवीत चार संत्री आणि घरी शिवलेला छोटा बटवा घेऊन आल्या, आणि मग ओसरीच्या कडेला बसवून त्यांनी आमच्या पायांतील बुटांची चौकशी सुरू केली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मोबाइलवरचे भाषांतर मी उघडले, पण त्यांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. हातवाऱ्यांवर आणि नातवंडांच्या छायाचित्रांवर अर्धा तास गेला.

ओसेत्ताई नाकारू नये असा संकेत आहे. घेतल्यावर आपली ‘ओसामेफुदा’, म्हणजे नाव-गाव लिहिलेली कागदाची पट्टी, देणाऱ्याला द्यायची असते. या पट्ट्या पहिल्या देवळातच विकत मिळतात.

खिडकीजवळचीजागा

ओकायामापुरते मर्यादित न ठेवता एक-दोन नावे सांगतो, पुढील प्रवासांतही उपयोगी पडतील. ‘सर्वास’ ही १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेली शांततावादी लोकांची संघटना आहे. तिचे सभासद प्रवाशांना साधारणतः दोन रात्री आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेतात; काही जण मुक्काम देत नाहीत, पण एखादा दिवस बरोबर घालवतात. सभासद होताना मुलाखत होते आणि परिचयपत्र मिळते, त्यामुळे दोन्ही बाजूंना भरवसा राहतो. सभासदांत वयस्कर मंडळी बरीच असल्याने आपल्यासारख्यांना संकोच वाटत नाही. भारतातही शाखा आहे. मुलाखतीला वेळ लागतो, तेव्हा आतापासून हालचाल करावी. दुसरे म्हणजे ‘ग्रीटर’. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा उपक्रम आता अनेक देशांतील शहरांत आहे. स्थानिक माणूस स्वतःची वस्ती हौसेने, पैसे न घेता दाखवतो.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. आपण होऊन बोलायला येणारा प्रत्येक जण मैत्रीसाठीच येतो असे नाही. पेइचिंग आणि शांघायमध्ये इंग्रजीचा सराव करायचा आहे असे सांगून पर्यटकांना चहागृहात नेणे आणि भरमसाट बिल हातात ठेवणे हा जुना प्रकार आहे. जपानमध्ये असे प्रसंग कमी, पण रात्रीच्या बाजारपेठांत दुकानात बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. मैदानावर रोज येणाऱ्या आजोबांची गोष्ट वेगळी, कारण ते उद्याही तेथेच असणार.

सिंहगडरोडकर (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. कोजिमाची कल्पना मला अतिशय आवडली आणि शिकोकूची वाट पत्नीने परस्पर मंजूरही केली आहे. तरी दोन शंका उरतात. ओसेत्ताई नाकारायची नाही आणि आम्ही तर मासळी खात नाही. एखाद्या आजींनी हातात मासळी भरलेला भाताचा गोळा ठेवला तर काय करावे? तसेच, पहिल्या भेटीत आपल्याकडून काय द्यावे, जेणेकरून समोरच्यावर परतफेडीचे ओझे पडणार नाही?

ओसाकाकर

काका, जपानी भाषेत छापलेले एक कार्ड बरोबर ठेवाच. त्यावर नुसते ‘शाकाहारी’ लिहिले तर मासळीचा अर्क चालतो असा समज होतो, आणि तो अर्क येथे आमटीपासून भाजीपर्यंत सगळ्यात असतो. म्हणून मांस, मासे आणि माशांचा अर्क चालत नाही, अंडी-दूध चालते की नाही, असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन लिहावे. देवळातील मुक्कामाचे जेवणही आपोआप शाकाहारी असेल असे गृहीत धरू नका. जागा राखून ठेवतानाच कळवा.

भेटवस्तू लहान आणि स्वस्त हवी. महागडी दिलीत तर दुसऱ्या दिवशी तितक्याच किमतीची परत येईल आणि ते चक्र थांबणार नाही. पुण्यातील उद्यानाची छायाचित्रे पोस्टकार्डावर छापून न्या. ओकायामाच्या माणसाला आपल्या बागेची प्रतिकृती पुण्यात आहे हे बहुधा ठाऊक नसेल, त्यामुळे बोलायला विषयही मिळेल. शिवाय दोघांची नावे जपानी लिपीत, खाली ‘पुणे, भारत’ आणि ‘निवृत्त पाटबंधारे अभियंता’, ‘निवृत्त शिक्षिका’ असे छापलेले ओळखपत्र करून घ्या. येथे निवृत्त माणसेही अशी कार्डे बाळगतात. ते दोन्ही हातांनी द्यायचे, आणि समोरच्याचे मिळाले की लगेच खिशात न घालता वाचून पाहायचे.

निवांतपथिक

मासळीच्या बाबतीत आमचा अनुभव सांगते. घ्यावे, वाकून आभार मानावेत आणि नंतर खाऊ म्हणून पिशवीत ठेवावे. तेथल्या तेथे खाण्याचा आग्रह सहसा होत नाही. पुढच्या देवळाच्या आवारात कोणी ना कोणी यात्रेकरू बसलेला असतो, त्याला दिले की अन्न वाया जात नाही आणि त्याच्याशीही दोन शब्द होतात. समोर बसवूनच खायला घातले तर मात्र कार्ड दाखवावे, त्यात अपमान मानत नाहीत.

ओसामेफुदांचे एक सांगायचे राहिले. वाटेत उभ्या उभ्या लिहायला जमत नाही आणि देणारा ताटकळतो, म्हणून आदल्या रात्रीच दहा-पंधरा पट्ट्यांवर नाव आणि ‘पुणे, भारत’ लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवाव्यात. पूर्ण पत्ता लिहू नये. तारीख तेवढी सकाळी घालावी. सौभाग्यवतींनी स्वतःच्या वेगळ्या पट्ट्या कराव्यात, कारण बायका बहुधा बायकांनाच थांबवतात.